सातवाहनकालीन शिशाची नाणी व गंधकयुक्त धातुकांचे भर्जन : प्रतिष्ठानच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासात सातवाहन राजघराण्यास अनन्यसाधारण महत्त्व आहे. साधारणतः इ.स.पूर्व पहिल्या शतकापासून इ.स.च्या तिसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत या घराण्याने दख्खनच्या मोठ्या भूप्रदेशावर सत्ता गाजविली. त्यांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील गोदाकाठचे पैठण होय. सातवाहनांचा इतिहास प्रामुख्याने पुराणे, लेण्यांतील शिलालेख आणि नाणी या साधनांच्या आधारे उभा राहिला आहे. नाण्यांच्या बाबतीत एक गोष्ट प्रकर्षाने नजरेत भरते, ती म्हणजे या राजांनी शिसे या धातूचा नाण्यांसाठी मोठ्या प्रमाणावर केलेला वापर. प्राचीन जगात शिशाला नियमित चलनाचा दर्जा देणारी राज्ये फार थोडी होती.

नाणकशास्त्राच्या अभ्यासात या नाण्यांवरील हत्ती, उज्जयिनी चिन्ह, जहाज, राजांची नावे आणि लेखांची लिपी यांची चर्चा विपुल झाली आहे. नाणे ज्या धातूचे आहे तो धातू कोठून आला आणि तो दगडातून कसा सुटला, या प्रश्नांकडे मात्र इतिहासाच्या अध्यापनात तुलनेने कमी लक्ष दिले जाते. मराठवाड्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण पैठणच्या आसपास शिशाचे धातुक मिळत नाही. म्हणून शिशाच्या धातुकाची उष्णतेतील वर्तणूक लक्षात घेऊन सातवाहनकालीन नाण्यांचा अर्थ नव्याने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे

१) सातवाहन चलनव्यवस्थेतील शिशाचे स्थान स्पष्ट करणे.
२) गॅलेना हे गंधकयुक्त धातुक तापविले असता होणाऱ्या प्रक्रियेचा परिचय करून देणे.
३) प्रतिष्ठानला शिशाचा पुरवठा कोठून होऊ शकत होता, याचा भौगोलिक व वाङ्मयीन साधनांच्या आधारे विचार करणे.
४) या विषयासंबंधीच्या काही रूढ समजुतींची चिकित्सा करणे.

सातवाहन चलनातील शिशाचे स्थान

सातवाहनांनी शिसे, पोटीन, तांबे आणि चांदी अशा विविध धातूंची नाणी काढली. पोटीन हा मुख्यतः तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू होय. वऱ्हाडातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सापडलेला निधी पोटीन नाण्यांचा आहे. चांदीच्या बाबतीत नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला निधी प्रसिद्ध आहे. त्यातील तेरा हजारांहून अधिक नाणी क्षत्रप नहपानाची असून त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. शत्रूच्या चांदीवर आपली मुद्रा उमटविण्यात विजयाची घोषणा होती. त्याचबरोबर चांदी किती मोलाची होती याचीही ती साक्ष आहे.

मोठ्या देण्याघेण्याचे माप चांदीचा कार्षापण हे होते. नाणेघाटातील शिलालेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या कार्षापणांच्या दक्षिणांची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, अर्थात एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा हिशेब दिलेला आहे. शिशाचे नाणे अशा दानलेखांत झळकत नाही. बाजारहाटातील सुट्या व्यवहारांत ते फिरत असावे, असे सामान्यतः मानले जाते. कोल्हापूर परिसरातील कुर राजांनी आणि कर्नाटकातील महारठी सरदारांनीही शिशाची नाणी काढली, यावरून ही प्रथा केवळ राजधानीपुरती मर्यादित नव्हती हे स्पष्ट होते.

हलका धातू म्हणून शिशाच्या नाण्याकडे दारिद्र्याचे लक्षण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती काही लेखनांत आढळते. या मताची सत्यासत्यता पाहण्यासाठी प्रथम धातुकाकडे वळणे आवश्यक ठरते.

गॅलेना तापविल्यावर काय घडते

निसर्गात शिसे मुख्यतः गॅलेना या खनिजाच्या रूपात आढळते. गॅलेना म्हणजे शिसे व गंधक यांचे संयुग. त्यात वजनाने सुमारे ८६.६ टक्के शिसे असते. धातूसारखी चकाकी, घनाकृती तुकडे होण्याची प्रवृत्ती आणि पाण्याच्या सुमारे साडेसात पट घनता यांमुळे ते सहज ओळखू येते. डोळ्यांत घालावयाच्या सुरम्यासाठीही गॅलेनाची पूड वापरली जात आली आहे.

धातुक हवेत तापवून त्यातील गंधक जाळण्याच्या क्रियेस धातुविज्ञानात भर्जन, म्हणजे साध्या भाषेत भाजणे, असे म्हणतात. गंधकयुक्त खनिजे तापू लागली की त्यांच्या पृष्ठभागाशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होतो. ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी असते. बाहेर पडणारी उष्णता सभोवार निसटणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक झाली, की खनिज स्वतःच्याच उष्णतेने जळू लागते. यालाच त्याचे प्रज्वलन म्हणता येईल. हे तापमान सर्व खनिजांचे सारखे नसते, आणि एकाच खनिजाचेही ते कणांच्या आकारानुसार बदलते. बारीक पुडीचा पृष्ठभाग अधिक असल्याने ती कमी तापमानाला पेटते. मोठ्या खड्यांना अधिक तापवावे लागते. लोह व गंधक यांचे संयुग असलेले पायराइट बारीक स्वरूपात साधारणतः ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात पेट घेते, कारण तापताच त्यातील काही गंधक सुटा होऊन जळू लागतो. गॅलेनातून गंधक असा सहज सुटत नाही, त्यामुळे त्याला ५०० अंशांपलीकडची उष्णता लागते. शिवाय तापताना गॅलेनाचे खडे तडतडून फुटतात. हा त्रास वाटला तरी त्यामुळे नवा पृष्ठभाग हवेला मोकळा होतो.

भर्जनात गॅलेनाचा काही भाग शिशाच्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे बाजारात मुर्दाडशिंग या नावाने परिचित असलेल्या पदार्थात, आणि काही भाग शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतरित होतो. गंधक सल्फर डायऑक्साइड वायूच्या रूपाने निघून जातो. यापुढील टप्पा हे गॅलेनाचे खास वैशिष्ट्य आहे. भर्जन पूर्ण होण्यापूर्वीच ते थांबवून उष्णता वाढविली, तर तयार झालेले ऑक्साइड व सल्फेट उरलेल्या गॅलेनाशी अभिक्रिया करतात. या अभिक्रियेत दोहोंतील शिसे मोकळे होते आणि गंधक व ऑक्सिजन पुन्हा वायुरूपाने बाहेर पडतात. म्हणजेच धातुक स्वतःच स्वतःचे क्षपण करते. यासाठी साधारणतः ७०० ते ८५० अंशांचे तापमान पुरेसे असते, आणि ते लाकूड-कोळशाच्या साध्या भट्टीतही साधता येते. शिसे ३२७ अंशांनाच वितळत असल्याने ते खाली झिरपून साचते. तांब्याचा वितळबिंदू १,०८५ अंश आहे हे लक्षात घेतले म्हणजे शिशाचे काम तुलनेने किती सोपे होते याची कल्पना येते.

गॅलेनात बहुधा अल्प प्रमाणात चांदीही असते. मिळालेले शिसे सच्छिद्र पात्रात वितळवून त्यावर हवेचा झोत सोडला असता शिशाचे ऑक्साइड होते आणि चांदी मागे उरते. उरलेल्या मुर्दाडशिंगापासून कोळशाच्या साहाय्याने शिसे पुन्हा मिळविता येते. प्राचीन जगात पुष्कळसे शिसे हे अशा रीतीने चांदीच्या उद्योगाचे उपफळ होते. त्याची किंमत कमी होती, ती मुख्यतः या कारणाने.

शिसे आधी, जस्त नंतर

राजस्थानातील जावर, राजपुरा-दरिबा आणि रामपुरा-आगुचा येथील साठ्यांत गॅलेनाबरोबरच स्फॅलेराइट हे जस्ताचे गंधकयुक्त खनिजही सापडते. या परिसरातील प्राचीन खाणकामाचे पुरावे इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकापर्यंत मागे जातात. असे असूनही शुद्ध जस्ताचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन जावर येथे मध्ययुगातच सुरू झालेले दिसते. एकाच डोंगरातील दोन धातूंच्या इतिहासात एवढे अंतर का पडले?

याचे उत्तर भर्जनात नसून त्यानंतरच्या टप्प्यात आहे. स्फॅलेराइटही हवेत भाजता येते. परंतु त्यापासून मिळणाऱ्या जस्ताच्या ऑक्साइडचे कोळशाने क्षपण होण्यास जे तापमान लागते, ते जस्ताच्या उत्कलनबिंदूपेक्षा, म्हणजे ९०७ अंशांपेक्षा, अधिक असते. त्यामुळे जस्त द्रवरूपात न मिळता वाफेच्या रूपात सुटते आणि हवा लागताच पुन्हा जळून जाते. ही वाफ बंद मुशीतून खाली उतरवून थंड करण्याची युक्ती साधल्यावरच जस्त हाती आले. मुख्यतः जस्ताच्या मिश्रधातूवर घडविले जाणारे आणि बीदरप्रमाणे औरंगाबादेतही रुजलेले बिदरी काम हे या नंतरच्या काळाचे अपत्य आहे. सातवाहनांच्या टांकसाळीला शिसे मिळाले व जस्त मिळाले नाही, यामागे राजाची निवड जेवढी होती त्याहून अधिक वाटा त्या खनिजांच्या गुणधर्मांचा होता.

बेसाल्टचा प्रदेश आणि शिशाचा प्रवास

पैठणचा परिसर दख्खन ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी तयार झालेल्या या खडकाने आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे. या खडकात शिशाच्या शिरा नाहीत. त्याच्या पोकळ्यांत मात्र अकीक, गोमेद यांसारखे गारगोटीवर्गीय दगड आणि झिओलाइट खनिजे विपुल सापडतात.

इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवर्णनातील माहिती या पार्श्वभूमीवर बोलकी ठरते. बारिगाझा म्हणजे भडोच येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असल्याचे त्यात म्हटले आहे. पैठणहून गोमेदसदृश दगड गाड्यांतून भडोचला जात असे आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील व शिसे यांचा समावेश होता. इ.स. ७९ मध्ये मृत्यू पावलेल्या रोमन लेखक प्लिनीने भारतात तांबे व शिसे नसून तेथील लोक रत्ने व मोती देऊन हे धातू घेतात, असे नमूद केले आहे. राजस्थानातील खाणी पाहता प्लिनीचे विधान भारतभर जसेच्या तसे लागू करता येत नाही. दख्खनपुरते मात्र ते वस्तुस्थितीच्या बरेच जवळ जाते. बेसाल्टने जे दिले ते देऊन, बेसाल्टने जे दिले नाही ते मिळविण्याचा हा व्यापार होता.

शिशाचे संभाव्य मार्ग तीन दिसतात. पहिला राजस्थानातील खाणींचा, दुसरा पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून येणाऱ्या परदेशी शिशाचा आणि तिसरा आंध्र प्रदेशातील अग्निगुंडला परिसरातील शिसे-तांब्याच्या साठ्यांचा. यांपैकी पहिल्या मार्गाच्या वाटेवर व भडोचच्या बंदरावर नहपानाच्या काळात क्षत्रपांचा अंमल होता. सातवाहनांकडील कल्याण बंदरात येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यानिशी भडोचला नेली जात, असे पेरिप्लस सांगतो. सातवाहन-क्षत्रप संघर्षाला बंदरे व जकात यांबरोबरच धातूच्या पुरवठ्याचाही पदर असावा, असा तर्क या पुराव्यावरून करता येतो.

आयात झालेले शिसे लगडीच्या रूपात आणणे सोयीचे होते. ३२७ अंशांना वितळणारी लगड साध्या शेगडीवर मातीच्या भांड्यातही वितळते. त्यामुळे खाणीपासून शेकडो कोसांवरील गावीही नाणी पाडणे शक्य होते. राजधानीबाहेरील सरदारांनी आणि स्थानिक राजांनी शिशाची नाणी काढली, त्यामागे ही तांत्रिक सोय हे एक कारण निश्चितच असले पाहिजे.

धूर कोठे होता

पैठण येथे निजाम राजवटीत १९३७ मध्ये आणि स्वातंत्र्योत्तर काळात पुन्हा उत्खनने झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील उत्खननाचा सविस्तर अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजेच प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ मध्ये मराठवाडा विद्यापीठ व नागपूर विद्यापीठ यांनी संयुक्तपणे उत्खनन केले. या स्थळांची ख्याती मणी, हस्तिदंती वस्तू, मृण्मूर्ती व मृद्भांडी यांसाठी आहे, शिशाच्या भट्ट्यांसाठी नाही. भर्जनाचे स्वरूप लक्षात घेता हे अपेक्षितच आहे. गॅलेना जेथे भाजले जाते तेथे धातुमळीचे ढीग, मुर्दाडशिंगाचे तुकडे व शिशाने दूषित झालेली माती मागे राहते. वितळवून नाणी पाडण्याच्या कामात मात्र अशा खुणा फारच थोड्या उरतात.

भर्जनाचा धूर ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. सल्फर डायऑक्साइड श्वसनमार्ग जाळतो. शिशाची वाफ व धूळ शरीरात साचून मज्जासंस्था, रक्त व मूत्रपिंडे यांची हानी करते. ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रॅबो याने आयबेरियातील चांदीच्या भट्ट्या उंच बांधीत, कारण त्यांतून निघणारा वायू जड व प्राणघातक असे, अशी नोंद केली आहे. त्या काळातील भट्ट्यांचे शिसे वाऱ्याबरोबर एवढे दूर गेले की ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतही त्याचे वाढलेले प्रमाण शास्त्रज्ञांना मोजता आले. भारतीय परंपरेत कौटिलीय अर्थशास्त्रात आकराध्यक्ष, लोहाध्यक्ष व लक्षणाध्यक्ष या अधिकाऱ्यांची कर्तव्ये सांगितली आहेत आणि धातुकांची लक्षणेही दिली आहेत. खाण, धातू आणि टांकसाळ यांवरील राज्याचे नियंत्रण त्यात तपशिलाने येते. भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाच्या श्वासाचा विचार मात्र त्यात येत नाही. पैठणच्या बाजारात एक शिशाचे नाणे फिरत असताना त्याची आरोग्यरूपी किंमत दूरच्या कुठल्यातरी डोंगरात अनामिक श्रमिकांनी आधीच चुकती केलेली होती. नाण्यावर राजाचे नाव आहे. या श्रमिकांचे नाव कोणत्याही साधनात नाही.

नागार्जुनाच्या आख्यायिकेची चिकित्सा

सातवाहनांच्या धातुविद्येचा विषय निघाला की नागार्जुनाचे नाव हमखास घेतले जाते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन याने आपल्या मित्रस्थानी असलेल्या सातवाहन राजास उपदेशपर पत्र लिहिले, अशी परंपरा आहे. दुसरीकडे रसशास्त्राच्या परंपरेत पारद व धातूंच्या प्रक्रिया सांगणारा एक नागार्जुन आहे. अल्बेरुनीने अकराव्या शतकात लिहिताना रसविद्येचा हा नागार्जुन आपल्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे होऊन गेल्याचे म्हटले आहे. माक्षिक म्हणजे पायराइटवर्गीय खनिजांना पुट देऊन त्यांचे भस्म करण्याच्या कृती ज्या रसग्रंथांत येतात, ते ग्रंथही सातवाहनांनंतर अनेक शतकांनी सिद्ध झाले. म्हणून नामसाधर्म्यावरून पैठणला प्राचीन रसशाळा कल्पिणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. सातवाहनकाळात गॅलेना भाजण्याचे ज्ञान नव्हते असा याचा अर्थ नाही. ते ज्ञान ग्रंथकारांपूर्वी खाणकामगारांच्या हाती होते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

समस्थानिके आणि नाण्यांचे जतन

शिशाच्या चार स्थिर समस्थानिकांचे परस्पर प्रमाण धातुकाच्या वयानुसार व घडणीनुसार वेगवेगळे असते आणि भर्जन, क्षपण किंवा वितळणे यांमुळे ते लक्षणीयरीत्या बदलत नाही. भट्टीतून गेलेल्या नाण्यातही मूळ खाणीची खूण अशी कायम राहते. त्यामुळे नाण्याच्या अत्यल्प नमुन्यावरून संभाव्य खाणी ठरविता किंवा वगळता येतात. या पद्धतीला एक मर्यादा आहे. जुनी नाणी व वेगवेगळ्या खाणींचे शिसे एकत्र वितळविले गेले असल्यास खुणा मिसळतात. म्हणून एखाददुसऱ्या नाण्यावरून निष्कर्ष न काढता स्थळ व स्तर निश्चित असलेल्या अनेक नाण्यांचा एकत्रित अभ्यास करावा लागतो.

येथे महाविद्यालयीन इतिहास विभागांची जबाबदारी सुरू होते. शिशाची नाणी लाकडी कपाटात ठेवल्यास लाकडातून निघणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफांमुळे त्यांवर पांढरी भुकटी धरते आणि कालांतराने ठसा नष्ट होतो. चिंच, लिंबू वा व्हिनेगरने ती उजळण्याचा प्रयत्न अधिकच घातक ठरतो. ही पांढरी भुकटी विषारी असल्याने नाणी उघड्या हातांनी हाताळणेही टाळावे. लाकूड व आम्लयुक्त कागद टाळून निष्क्रिय प्लास्टिकच्या पाकिटांत, कोरड्या जागी आणि प्राप्तिस्थानाच्या नोंदीसह नाणी ठेवणे हा साधा व स्वस्त उपाय आहे. प्राप्तिस्थानाची नोंद नसलेले नाणे समस्थानिकांच्या अभ्यासासाठी निम्मे मुके झालेले असते.

निष्कर्ष

१) शिशाचे नाणे हे दारिद्र्याचे लक्षण नसून खाण, भट्टी, बंदर व बाजार यांना जोडणाऱ्या विस्तृत व्यवहाराचे फलित आहे. पैठणच्या परिसरात शिसे नसताना ते सुट्या चलनासाठी वापरता येणे, यातच त्या अर्थव्यवस्थेची क्षमता दिसते.

२) गॅलेना साध्या भट्टीत भाजता येते आणि अपुऱ्या भर्जनानंतर स्वतःचेच क्षपण करते. शिसे प्राचीन काळी स्वस्त व मुबलक असण्यामागे आणि जस्त मागे पडण्यामागे खनिजांचे हे भिन्न गुणधर्म कारणीभूत आहेत.

३) दख्खनच्या बेसाल्टमधील मौल्यवान दगड आणि बाहेरून येणारे शिसे यांची देवाणघेवाण ही प्रतिष्ठानच्या समृद्धीची एक महत्त्वाची बाजू होती. धातूचा पुरवठा हा सातवाहन-क्षत्रप संघर्षाचा एक दुर्लक्षित पैलू असण्याची शक्यता आहे.

४) भर्जनाच्या धुराची किंमत ज्यांनी मोजली, ते श्रमिक लिखित साधनांत अनुपस्थित आहेत. धातुमळी, माती व समस्थानिके हीच त्यांच्या इतिहासाची साधने होत. ती जपणे आणि रसायनशास्त्र व भूशास्त्र विभागांच्या सहकार्याने वाचणे, हे मराठवाड्यातील इतिहास-अध्यापनापुढील कार्य आहे.